सर जेम्स टर्नर : एका स्कॉटिश राजपक्षीय सेनाधिकाऱ्याचें आत्मवृत्त व त्याचें प्रामाण्य

१

ज्या पुरुषानें लढाया स्वतः लढविल्या, शपथा स्वतः घेतल्या व मोडल्या, आणि उतारवयांत त्या सर्वांची हकीकत स्वतःच्याच लेखणीनें लिहून ठेवली, त्याच्या लेखाला इतिहासाचें साधन म्हणून किती मोल द्यावें, हा प्रश्न हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकापुढें केव्हां ना केव्हां येतो. बखर व अस्सल कागद यांच्या तारतम्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ चर्चा झालेली आहे. आत्मवृत्त हा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. लिहिणारा प्रत्यक्षदर्शी असतो म्हणून त्यास अस्सल कागदाची योग्यता येते. आणि तो घडलेल्या गोष्टीनंतर अनेक वर्षांनीं, आपली बाजू सांभाळून लिहितो म्हणून बखरीचे दोषहि त्यांत उतरतात.

हें तारतम्य पाहण्यास सर जेम्स टर्नर या स्कॉटिश सेनाधिकाऱ्याचें उदाहरण फार उपयोगी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश बेटांत जीं यादवी युद्धें झालीं, त्यांत तो प्रथम राजाच्या विरोधकांच्या सैन्यांत नोकरीस होता व पुढें राजासाठीं लढला. कैद झाला, पळाला, परदेशीं भटकला. राजसत्ता पुनः स्थापन झाल्यावर ‘सर’ झाला. हुकमाची अंमलबजावणी करतां करतां बंडवाल्यांच्या हातीं सांपडला. आणि शेवटीं नोकरीवरून दूर झाल्यावर त्यानें लेखणी हातीं घेतली.

त्याच्या आत्मवृत्तांत १६३२ पासून १६७० पर्यंतची हकीकत आहे. मूळ हस्तलिखित दीडशें वर्षांहून अधिक काळ अप्रकाशित राहिलें. १८२३ सालीं सर वॉल्टर स्कॉट यानें एडिंबरो येथें जुने स्कॉटिश ग्रंथ व कागद छापण्यासाठीं ‘बॅनटाइन क्लब’ नांवाचें मंडळ स्थापिलें. या मंडळानें १८२९ सालीं टर्नरचें आत्मवृत्त मूळ हस्तलिखितावरून छापलें. सभासदांपुरत्या मोजक्या प्रती काढण्याचा मंडळाचा परिपाठ होता, आणि १८६१ सालीं तें मंडळहि बंद झालें. सैन्यशास्त्रावरील टर्नरचा ‘पॅलस आर्माटा’ हा मोठा ग्रंथ मात्र त्याच्या हयातींतच, १६८३ सालीं, लंडन येथें छापला गेला होता. स्कॉटच्या ‘ए लीजंड ऑफ मॉन्ट्रोज’ या कादंबरींतील ड्युगल्ड डॅलगेटी हें भाडोत्री शिपाईगड्याचें पात्र बहुतांशीं टर्नरवरून घेतलें आहे. सामान्य वाचकाला टर्नर ठाऊक असला तर याच विनोदी रूपांत. संशोधकानें तें रूप बाजूस ठेवून मूळ पुरुषाकडे पाहिलें पाहिजे.

तारखांविषयीं एक सूचना. खालील तारखा त्या काळीं स्कॉटलंड व इंग्लंड येथें चालू असलेल्या जुन्या, म्हणजे ज्यूलियन, पद्धतीच्या आहेत. त्या शतकांत ग्रेगरी पद्धतीहून त्या दहा दिवस मागें पडत. शिवाय स्कॉटलंडांत १६०० पासून वर्षारंभ १ जानेवारीस धरीत, तर इंग्लंडांत १७५१ पर्यंत तो २५ मार्चला होता. म्हणून चार्लस राजाच्या शिरच्छेदाची तारीख त्या वेळच्या इंग्रजी कागदांत ३० जानेवारी १६४८ अशी आढळली, तरी आपल्या गणनेनें तें साल १६४९ होय.

२

टर्नरचा जन्म १६१५ च्या सुमारास झाला. त्याचा बाप पॅट्रिक टर्नर हा प्रथम बॉर्थविक व पुढें डाल्कीथ येथें धर्मोपदेशक होता. मुलानेंहि धर्मोपदेशकाची वृत्ति चालवावी अशी बापाची इच्छा. जेम्सला ग्लासगोच्या विद्यापीठांत घालण्यांत आलें व १६३१ सालीं, मनाविरुद्धच, त्यानें एम्. ए. ची पदवी घेतली. त्याचें चित्त मात्र युद्धाकडे होतें. त्या वेळीं स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ जर्मनींत लढत होता आणि हजारों स्कॉट लोक त्याच्या चाकरींत जात होते. १६३२ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, टर्नर सर जेम्स लम्सडेनच्या पलटणींत निशाणाचा धारकरी म्हणून दाखल झाला व समुद्र ओलांडून गेला. १६३३ सालीं हामेल्नचा वेढा व ओल्डेन्डॉर्फची लढाई त्यानें पाहिली. उपास, पावसांत उघड्यावर निजणें, आजार, आणि शरण आलेल्यांची कत्तल हें त्याचें खरें विद्यापीठ झालें. कांहीं काळानें तो जर्मन भाषा शिकला व आपलें पोट आपण भरण्यास समर्थ झाला.

इकडे स्कॉटलंडांत निराळेंच वादळ उठलें होतें. चार्लस राजानें स्कॉटिश धर्मसंस्थेवर इंग्रजी धर्तीचा प्रार्थनाग्रंथ लादण्याचा यत्न केला. त्याच्या विरोधासाठीं १६३८ सालीं स्कॉट लोकांनीं एका प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. या प्रतिज्ञापत्रास ‘कॉव्हेनंट’ व तें मानणाऱ्यांस ‘कॉव्हेनंटर’ म्हणत. राजा व कॉव्हेनंटर यांचें १६३९ व १६४० सालीं युद्ध झालें, आणि परदेशीं लढून कसलेल्या स्कॉट अधिकाऱ्यांस दोन्ही पक्षांकडून मागणी आली.

१६४० सालीं टर्नर स्वीडनांतील गोटेबोर्ग बंदरांत येऊन राहिला होता. तेथें दोन जहाजें उभीं होतीं : एक इंग्लंडांतील हल बंदरास, म्हणजे राजाकडे, जाणारें, दुसरें एडिंबरोस, म्हणजे कॉव्हेनंटरांकडे, जाणारें. टर्नरनें हलच्या जहाजावर जाण्याचें ठरविलें होतें; परंतु तें जहाज त्यास न घेतांच निघून गेलें. तेव्हां तो दुसऱ्यांत चढला, आणि अशा रीतीनें राजाविरुद्धच्या सैन्यांत जाऊन पोंचला. ही गोष्ट सांगून टर्नर लिहितो कीं, जर्मनींत आपण एक अतिशय घातक तत्त्व विचार न करतां गिळून बसलों होतों. धन्याची चाकरी इमानानें केली म्हणजे पुरे, धनी कोण हें पाहण्याचें कारण नाहीं, हें तें तत्त्व.

टर्नरवर लिहिणारा प्रत्येक जण या कबुलीचा उल्लेख करतो. खाल्ल्या मिठास जागणें हा शिपायाचा गुण आपणहि मानतों. परंतु ज्यानें स्वतः त्या तत्त्वावर तीस वर्षें काढलीं तो शेवटीं त्यास घातक कां म्हणतो, हें समजण्यास त्याचें पुढील चरित्र पाहिलें पाहिजे.

३

१६४१ सालीं आयर्लंडांत बंड झालें व दुसऱ्या वर्षीं तें मोडण्यास स्कॉट सैन्य उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांत उतरलें. टर्नर लॉर्ड सिंक्लेरच्या पलटणींत मेजर होता. मुख्य सेनापति मन्रो. मे १६४२ मध्यें न्यूरी हें गांव हातीं आल्यावर तेथील साठांच्या सुमारास पुरुष व दोन पाद्री यांस ठार मारण्यांत आलें. त्यानंतर कांहीं शिपाई बायकांस पुलाखालीं नदींत लोटून मारूं लागले. दुरून तें पाहून टर्नर घोड्यावर बसला व पिस्तूल हातीं घेऊन दौडत गेला. तो पोंचण्यापूर्वीं सुमारें बारा जणींचा जीव गेला होता, बाकीच्या त्यानें वांचविल्या. हें सर्व तो स्वतःच सांगतो. याच गांवीं त्याची मेरी व्हाइट नांवाच्या स्त्रीशीं ओळख झाली व १६४६ सालीं हेक्सम येथें त्यांचा विवाह झाला.

१६४३ सालीं कॉव्हेनंटर व इंग्लंडचें पार्लमेंट यांचा तह झाला आणि स्कॉट सैन्य राजाविरुद्ध इंग्लंडांत शिरलें. टर्नरची पलटण १६४४ सालीं आयर्लंडांतून परत आली. राजपक्षाचा सेनानी मॉन्ट्रोज यास जाऊन मिळण्याचा त्याचा व त्याच्या कांहीं सोबत्यांचा बेत होता, पण तो तडीस गेला नाहीं. मग कॉव्हेनंटची शपथ घेऊन तो अर्ल ऑफ कॅलेंडरच्या सैन्यांत राहिला. या शपथेविषयीं तो स्पष्ट लिहितो कीं, कॉव्हेनंटच्या आडून कॉव्हेनंटरांचाच घात करावा म्हणून आम्हीं ती घेण्याचें सोंग केलें; तें कृत्य अप्रामाणिक व पापाचें होतें, कारण चांगल्याच्या आशेनें वाईट करूं नये.

मे १६४६ मध्यें चार्लस राजा स्वतः होऊन नेवार्कनजीकच्या स्कॉट छावणींत आला. सैन्य उत्तरेकडे कूच करीत असतां टर्नरची त्याच्याशीं गांठ पडली. सैन्याचा आपल्याविषयीं काय विचार आहे असें राजानें विचारतांच टर्नरनें सांगितलें कीं, आपण कैदी आहां, निसटून जाण्याचा विचार करावा, मी लागेल ती मदत करीन. राजा निसटला नाहीं. स्कॉट सैन्याच्या थकलेल्या पगाराबद्दल चार लक्ष पौंड देण्याचें पार्लमेंटनें कबूल केलें, त्यांतील निम्मी रक्कम पोंचती होण्याच्या वेळीं स्कॉट सैन्य मायदेशीं निघालें, आणि ३० जानेवारी १६४७ रोजीं राजा पार्लमेंटच्या माणसांच्या स्वाधीन झाला.

यानंतरहि टर्नर त्याच सैन्यांत राहिला व डेव्हिड लेस्लीचा ॲडज्युटंट जनरल झाला. १६४७ सालीं लेस्ली राजपक्षाकडून लढणाऱ्या डोंगरी लोकांवर चालून गेला. किन्टायर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोंकास समुद्राकांठच्या खडकावर डनाव्हर्टीचा किल्ला होता. किल्ल्याचें पाणी तटाबाहेर होतें. तें तुटतांच आंतील सुमारें तीनशें लोक तहानेनें व्याकुळ होऊन शरण आले. परंतु सेनापतीच्या नव्हे, तर राज्याच्या दयेवर अशा शब्दांनीं. दोन दिवस लेस्लीचा निश्चय होईना. जॉन नेव्हॉय हा धर्मोपदेशक मात्र, शत्रूस जिवंत सोडणाऱ्या बायबलांतील सॉल राजास शाप भोंवला तसा तुम्हांसहि भोंवेल, असें त्यास वारंवार बजावीत होता. अखेर बहुतेक सर्वांची कत्तल झाली. टर्नरनें दयेची रदबदली केली, पण एका तरुणाचाच जीव मागून घेण्यांत त्यास यश आलें.

४

१६४७ च्या अखेरीस स्कॉटलंडांतील एका पक्षानें कैदेंतील राजाशीं गुप्त करार केला व त्यास सोडविण्यासाठीं ड्यूक ऑफ हॅमिल्टनच्या हाताखालीं सैन्य उभारण्याचें ठरविलें. या करारास ‘एंगेजमेंट’ म्हणतात. धर्मसंस्था त्याच्या विरुद्ध होती आणि ग्लासगोचे लोक शिपाईभरतीस राजी नव्हते. त्यांस ताळ्यावर आणण्यास टर्नरला पाठविण्यांत आलें. त्यानें वापरलेला उपाय आपल्या दप्तरांच्या वाचकांस परिचित आहे. आपल्याकडे वसुलासाठीं रयतेच्या दारीं मोहसल बसवीत व त्याचा खर्च तिच्याच माथीं मारीत, तसे टर्नरनें अडून बसणाऱ्यांच्या घरीं दोन-तीन स्वार व पांच-सहा बंदुकवाले उतरविले. हट्टी माणसास वळविण्यास याहून प्रभावी युक्तिवाद नाहीं, असें तो काहींशा विनोदानें लिहितो. हा विनोद वाचकानें ध्यानांत ठेवावा. कारण अठरा वर्षांनीं हाच उपाय त्याच्या नाशास कारण झाला.

जुलै १६४८ मध्यें हॅमिल्टनचें सैन्य इंग्लंडांत शिरलें. टर्नर त्यांत ॲडज्युटंट जनरल होता व या मोहिमेची त्याची हकीकत हाच आत्मवृत्ताचा उत्तम भाग. सैन्य नवशिकें, पाऊस अखंड, तोफा जवळ नाहींत. हॉर्न्बी येथें मसलत झाली कीं लँकेशायरमधून जावें कीं यॉर्कशायरमधून. टर्नरनें यॉर्कशायरचा पक्ष घेतला : लँकेशायर कुंपणांनीं व चरांनीं भरलेला, तेथें आपल्या कच्च्या बंदुकवाल्यांपुढें कसलेल्या इंग्रज शिपायांची सरशी होईल, यॉर्कशायरचा मुलूख मोकळा आहे. हॅमिल्टननें लँकेशायरच पत्करलें. १७ ऑगस्ट रोजीं प्रेस्टन येथें क्रॉमवेलनें पसरलेल्या सैन्यास बाजूनें गांठून त्याचे दोन तुकडे केले.

पळतीच्या वाटेवर विगन गांवीं, चांदण्या रात्रीं, आपलेच स्वार गर्दीनें घुसत आहेत असें पाहून टर्नर बाजारांत उभ्या असलेल्या भालाइतांस वाट द्या म्हणून सांगूं लागला. घाबरलेल्या भालाइतांस तोच शत्रु वाटला. दोघे अंगावर आले. एकाचा भाला त्यानें डाव्या हातानें धरला, दुसऱ्याचा त्याच्या मांडींत शिरला. तेव्हां त्यानें आपल्याच स्वारांस आपल्याच पायदळावर घोडे घालण्यास सांगितलें. ते कचरले, म्हणून मागून शत्रु आला अशी खोटी आरोळी त्यानें ठोकली, आणि वाट मोकळी झाली. वॉरिंग्टन येथें पायदळ शरण गेलें. २५ ऑगस्टला उटॉक्सेटर येथें हॅमिल्टन व त्याच्याबरोबर टर्नरहि कैद झाले. हॅमिल्टनचा मार्च १६४९ मध्यें शिरच्छेद झाला. टर्नर हल येथें कैदेंत राहिला व १६४९ च्या अखेरीस देश सोडून जाण्याच्या अटीवर सुटला.

५

तो हॅम्बर्गास गेला. मॉन्ट्रोजच्या शेवटच्या स्वारींत सामील होण्याची त्याची इच्छा होती, पण जवळ पैका नव्हता. आणि मॉन्ट्रोज २१ मे १६५० रोजीं एडिंबरो येथें फांसावर चढला. त्याच वर्षीं दुसरा चार्लस कॉव्हेनंट पत्करून स्कॉटलंडांत आला होता. टर्नर सप्टेंबरांत परत आला, तों डनबार येथें ३ तारखेस क्रॉमवेलनें स्कॉट सैन्याची वाताहत केली. आतां माणसें हवीं होतीं. पण एंगेजमेंटमध्यें भाग घेतलेल्यांस धर्मसंस्थेपुढें जाहीर प्रायश्चित्त घेतल्यावांचून सैन्यांत घेत नसत. टर्नरनें तें घेतलें. पुढें त्यानें लिहिलें कीं, हा पश्चात्ताप लटका आहे हें उपदेशकांस ठाऊक असूनहि त्यांनीं तो खरा म्हणून स्वीकारला. आणि आम्हींहि आमची बुद्धि उलट सांगत असतां एंगेजमेंट पाप होतें असें बेलाशक म्हटलें. दोन्ही बाजूंचें हें ढोंग त्यास भयंकर वाटलें.

३ सप्टेंबर १६५१ रोजीं वुस्टर येथें दुसऱ्या चार्लसचा पराभव झाला व टर्नर पुनः कैद झाला. लंडनला नेत असतां ऑक्सफर्ड येथें तो पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटला आणि राजास फ्रान्सांत जाऊन मिळाला. पुढील आठ-नऊ वर्षें हॉलंड, उत्तर जर्मनी, डान्झिग अशी भटकंती, एकदां गुप्तपणें स्कॉटलंडची फेरी, व सतत पैशाची चणचण यांत गेलीं. १६६० सालीं राजसत्ता परत आली आणि टर्नरला ‘सर’ हा किताब मिळाला. पुढें राजाच्या पायदळांत तो मेजर व १६६६ सालीं लेफ्टनंट कर्नल झाला.

६

राजाबरोबर बिशपांची सत्ताहि परत आली. ती न मानणाऱ्या धर्मोपदेशकांस १६६२ सालीं जागा सोडाव्या लागल्या, आणि नैर्ऋत्येकडील गॅलोवे प्रांतांतील लोक नव्या उपदेशकांच्या चर्चमध्यें जाईनात. गैरहजर राहणाऱ्यांच्या याद्या हे उपदेशक देत, व दंड वसूल करण्यास टर्नर शिपायांसह जाई : १६६३ मध्यें एकदां, १६६५ मध्यें पुनः, आणि १६६६ मध्यें तिसऱ्यांदा. दंड न देणाऱ्याच्या घरीं शिपाई बसत. ग्लासगोचा जुना उपाय येथें गोरगरीब शेतकऱ्यांवर चालला.

नोव्हेंबर १६६६ मध्यें डॅल्री गांवीं एका म्हाताऱ्यास शिपाई छळीत असतां कांहीं लोकांनीं त्यास सोडविलें व त्यांतून बंड उभें राहिलें. १५ तारखेच्या सकाळीं बंडवाले डम्फ्रीज येथें टर्नरच्या बिऱ्हाडीं आले व आजारी असलेल्या टर्नरला त्यांनीं निजण्याच्या अंगरख्यांतच पकडलें. पुढील तेरा दिवस तो त्यांच्याबरोबर कैदी म्हणून फिरला. त्यास ठार मारावें असें अनेकांचें मत होतें. बिशप गिल्बर्ट बर्नेट आपल्या इतिहासांत सांगतो कीं, टर्नरचे कागद वाचून पाहतां, त्यास जितकें कठोर वागण्याचे लेखी हुकूम होते तितकें तो वागला नव्हता असें त्यांस आढळलें, आणि म्हणून त्यांनीं त्याचा जीव राखला. दप्तरानें धन्याचे प्राण वांचविल्याचीं उदाहरणें इतिहासांत फार नाहींत.

२८ नोव्हेंबर रोजीं पेंटलंड टेंकड्यांतील रुलियन ग्रीन येथें टॉमस डॅलियेलच्या मोठ्या सैन्यानें सुमारें नऊशें बंडवाल्यांचा मोड केला. लढाई फिरली तर तुमचे जीव वांचविण्याची खटपट करीन, असा करार टर्नरनें आपल्या पहारेकऱ्यांशीं केला होता. त्यामुळें तो सुखरूप सुटला. पुढें तिसांहून अधिक बंडवाल्यांस फांशी झाली. परंतु राजदरबारांत वारें बदललें होतें. बंड कां झालें याची चौकशी निघाली, ठपका टर्नरच्या वसुलीवर आला, आणि १६६८ सालीं त्याच्या लष्करी सनदा काढून घेण्यांत आल्या. ज्यांच्या हुकमानें वसुली झाली ते मोठे अधिकारी मात्र अशा शिक्षेंतून वांचले. यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतींत आत्मवृत्त व ‘पॅलस आर्माटा’ लिहिले गेले. १६८३ नंतर त्यास पुनः कांहीं काम मिळालें. १६८६ च्या सुमारास तो वारला.

७

आतां या आत्मवृत्ताची पारख करूं. जें लेखकाच्या हिताविरुद्ध असतें तें खरें धरावें, असा एक स्थूल नियम संशोधक लावतात. टर्नरच्या बाबतींत तो डोळे मिटून लावल्यास फसगत होईल.

कॉव्हेनंटची शपथ खोट्या मनानें घेतली, ही कबुली प्रथमदर्शनीं त्याच्या हिताविरुद्ध दिसते. पण ती १६७० च्या सुमारास लिहिली आहे. त्या वेळीं कॉव्हेनंट हा राजद्रोह ठरला होता व लेखक राजाच्या रोषांत होता. १६४४ पासून माझें अंतःकरण राजाकडेच होतें, हें सांगण्यांत तेव्हां लाभच होता. कृतीकडे पाहिलें तर १६४४ सालीं न्यूकॅसलच्या वेढ्यांत व १६४७ सालीं डनाव्हर्टीपुढें तो राजपक्षाविरुद्धच चाकरी करीत होता. म्हणून शपथ घेतल्याची गोष्ट खरी मानावी. तीमागचा गुप्त हेतु मात्र केवळ त्याच्या शब्दावर मानूं नये. मॉन्ट्रोजला मिळण्याच्या बेतासहि हीच कसोटी.

प्रेस्टनच्या मोहिमेची गोष्ट निराळी. तिच्यासाठीं शत्रूचा कागद उपलब्ध आहे. क्रॉमवेलनें २० ऑगस्ट १६४८ रोजीं वॉरिंग्टनहून पार्लमेंटच्या अध्यक्षास पत्र लिहिलें, त्यांत आपलें सैन्य ८,६०० व शत्रूचें २१,००० असल्याचें तो सांगतो. जिंकणारा सेनापति शत्रूची संख्या फुगवितो, हें ध्यानांत घेऊनहि पळतीचा मार्ग, विगनचा मुक्काम व वॉरिंग्टनची शरणागति यांत दोन्ही कागद जुळतात. एकमेकांचें तोंड न पाहिलेले दोन साक्षीदार असे जुळले म्हणजे तपशिलांतहि आत्मवृत्तावर विसंबण्यास हरकत नाहीं.

सर्वांत महत्त्वाचें स्थळ डनाव्हर्टीच्या हकीकतींत आहे. १६६१ सालीं कॉव्हेनंटरांचा पुढारी मार्क्विस ऑफ आर्गाईल याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. डनाव्हर्टीची कत्तल हा त्यांतील एक आरोप. टर्नर साक्षीदार होता. आर्गाईलला दोषी ठरवावें अशी राजपक्षाची उघड इच्छा, आणि टर्नर नुकताच किताब मिळालेला राजपक्षीय. तरी त्यानें जबानी दिली कीं, कत्तलीचा सल्ला देतांना आर्गाईलला आपण ऐकलें नाहीं; आणि आत्मवृत्तांत तो जोडतो कीं, आर्गाईल तेथें केवळ एक कर्नल होता, स्वतःच्या अधिकारानें असा हुकूम देण्याची त्यास शक्ति नव्हती, खाजगींत काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. खोटें बोलण्यांत फायदा व खरें बोलण्यांत तोटा असतां तो खरें, आणि ठाऊक होतें तेवढेंच, बोलला. आर्गाईलचा शिरच्छेद २७ मे १६६१ रोजीं झालाच. परंतु या एका साक्षीनें टर्नरच्या लेखाचें वजन वाढतें.

राहतां राहिला गॅलोवेचा प्रश्न. हुकमाहून आपण सौम्य वागलों असें टर्नर म्हणतो. केवळ तो म्हणतो म्हणून हें मानण्याचें कारण नव्हतें. पण ज्यांस त्याचा प्राण घ्यावयाचा होता त्यांनींच कागद वाचून तसा निर्णय केला, म्हणून तें मानलें पाहिजे. याच बर्नेटनें टर्नर स्वभावानें तापट व दारूच्या नशेंत बेफाम होणारा असल्याचेंहि लिहिलें आहे, म्हणजे त्याची साक्ष मित्राची नव्हे. दुसऱ्या बाजूस रॉबर्ट वोड्रो यानें १७२१-२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्कॉटिश धर्मसंस्थेच्या इतिहासांत पीडित लोकांचीं गाऱ्हाणीं आहेत, तींहि खरीं आहेत. दोहोंत विरोध नाहीं. टर्नरनें हुकमाहून कमी केलें. आणि जें केलें त्यानें एक प्रांत बंडास उठला.

येथें गोटेबोर्गच्या त्या तत्त्वाचा खरा अर्थ लागतो. टर्नरनें त्यास घातक म्हटलें तें, आपण चुकीच्या धन्याकडे गेलों या अर्थानें. परंतु त्याच्या चरित्रांतील सर्वांत दोषास्पद काम त्याच्या हातून झालें तें त्यानें मनापासून पत्करलेल्या धन्याच्या चाकरींत. न्यूरीच्या पुलावर त्यास कोणाचा हुकूम नव्हता, तेथें तो पिस्तूल घेऊन आडवा आला. डनाव्हर्टीस सेनापतीचा हुकूम निघाला, तेथें त्यानें विनवणी केली व गप्प राहिला. गॅलोवेंत हुकूम त्याच्याच नांवें होता, तेथें त्यानें तो थोडा सौम्य करून बजावला. धनी कोण हें पाहिलें तरी काम कसलें हें न पाहणें, हा त्या तत्त्वाचा उरलेला अर्धा भाग. तो टर्नरच्या लेखणीस सांपडला नाहीं, पण त्याच्या प्रामाणिक तपशिलांतून वाचकास सांपडतो.

आत्मवृत्ताचें मोल यांतच आहे. लेखकानें काढलेला निष्कर्ष आपण स्वीकारला नाहीं तरी त्यानें दिलेला तपशील आपल्यास दुसऱ्या निष्कर्षावर नेऊं शकतो, मात्र त्याच्या जोडीला हुकूम, जबान्या व पत्रें असलीं पाहिजेत. म्हणून जुन्या घराण्यांतून सेनाधिकाऱ्याचें चरित्र वा कैफियत हातीं आल्यास संग्राहकानें तेवढ्यावर संतुष्ट न होतां त्याच रुमालांतील हुकमांचे व हिशेबांचे सुटे बंद आधीं जपावे. डम्फ्रीजच्या बंडवाल्यांनीं एका माणसाचा निवाडा करण्यापूर्वीं तेवढें केलें होतें.